पॉम्पेईतलं भांडण

सुमे, मी अमेरिकेला निघाले तेव्हा बार्शीच्या स्टँडवर आई रडली नव्हती. "रडायचं असेल तर गाडी हलल्यावर रड, लोकांना तमाशा नको," म्हणाली आणि दशम्यांचा डबा माझ्या हातात कोंबला. तू तोंड फुगवून खांबाला टेकून उभी होतीस. मला वाटलं होतं, दोन वर्षं काढू नि परत येऊ. आता इथं अमेरिकेत, अर्विंग गावात माझं घर आहे, पुढं लॉन आहे, आणि बार्शीत मिळणार नाहीत इतके मसाले आमच्या इंडियन ग्रोसरीत मिळतात. त्याचं मला काडीचं कौतुक उरलेलं नाही.

परवा फॅमिली ग्रुपवर माझा इटलीतला फोटो बघून तू खाली लिहिलंस, "आईच्या वेळी व्हिसा आडवा आला होता. आता बरा फिरायला सोडतो!" मी फोन सोफ्यावर आपटला. एवढी वर्षं तू माझ्याशी धड बोलत नाहीस आणि बोललीस ते असं, चारचौघांत. पण त्या फोटोनंतर तिथं काय झालं ते तुला माहीत नाही. ऐक.

अर्विंगच्या आमच्या मित्रमंडळींतल्या चार फॅमिलींनी मिळून ट्रिप बुक केली होती. रोमहून बसनं एका दिवसात पॉम्पेई, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं रोमन गाव. ऊन आपल्या मे महिन्यासारखं. दगडी रस्त्यात गाड्यांच्या चाकांच्या खाचा अजून दिसतात, बेकरीत माणसाएवढी जाती आहेत, घरांना उंबरे आहेत. आम्ही मेले कुठंही गेलो तरी डबे उघडणारच. त्यातल्याच एका उंबऱ्यावर बसून शेंगाचटणी-पोळी खायला घेतली, तर गार्ड शिट्टी वाजवत धावत आला. डबे बंद करून मुकाट गाइडमागं निघालो.

गाइड सांगत होती, डोंगर धुमसायला लागल्यावर बरेच जण गाव सोडून गेले, ते जगले. कुणी घरासाठी, कुणी म्हाताऱ्यांसाठी मागं राहिले, ते गेले. त्यावर आमचा नितीन म्हणाला, "सिंपल आहे यार. जे वेळेत निघाले ते वाचले. आपल्यासारखे!" सगळे खो खो हसले.

माझं डोकंच फिरलं. हा नितीन म्हणजे माझ्या पहिल्या ऑफिसातला मित्र. आई आयसीयूत होती तेव्हा, "जाऊ नकोस, परत यायला व्हिसाचं स्टॅम्पिंग लागेल, त्या शिक्क्यापायी इंडियात अडकशील, जॉब जाईल," असं मला सांगणारा हाच. मी त्या रस्त्यात, परक्या लोकांसमोर ओरडले, "वाचले काय रे, वाचले? मागं राहिलेल्यांनी म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढलं, म्हणून तुमचे पाय मोकळे झाले! माझ्या बहिणीनं एकटीनं आईला पोचवलं, तुझ्या सल्ल्यापायी!" त्याची बायको वैशाली माझा दंड धरून ओढत होती. मी हात झटकला.

नितीन चिडला नाही, याचा मला जास्त राग आला. हळू आवाजात म्हणाला, "तेव्हा तू मलाच का फोन केलास? वैशालीला केला असतास तर ती ऊठ नि जा म्हणाली असती. मी काय सांगणार ते तुला ठाऊक होतं."

सुमे, मी पाठ फिरवून थेट बसमध्ये जाऊन बसले. अर्विंगला आल्यापासून त्यांच्यापैकी कुणाच्याच घरी मी गेलेले नाही.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. मी कंपनीच्या वकिलालाही विचारलं होतं. तो म्हणाला होता, जाऊन या, फार तर महिनाभर जास्त लागेल. हे मी तुझ्यापासून लपवलं. व्हिसानं मला अडवलं नव्हतं. मी घाबरले होते. नोकरीला घाबरले, आणि आईला नळ्या लावलेल्या बघायला त्याहून जास्त घाबरले. तू होतीस, म्हणून घाबरायची चैन मला परवडली.

डिसेंबरचं तिकीट काढलंय. अर्विंगमध्ये माझ्या तोंडावर दार लावायचा हक्क कुणालाच नाही, सगळे हसून या या म्हणतात. तो हक्क जिथं कुणाला आहे, तेवढंच एक घर मला उरलंय, आणि तो हक्क तुझा आहे. मी येऊन दारात उभी राहीन. आत घे, नाहीतर हाकलून दे. पण ग्रुपवर नको, सुमे. जे काय असेल ते माझ्या तोंडावर बोल.