सुप्यापलीकडे सात कोंबड्या घेऊन

बेळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत जनावरांच्या रोगांचे जंतू तपासतात. दिवाळी आटोपली आणि जंगलखात्याच्या एका गार्डाचं पत्र आलं: कुंभारवाड्याकडच्या एका वाडीत कोंबड्या घरघरतात आणि मरतात. नमुने बेळगावला येईपर्यंत कुजले असते, म्हणून साहेबांनी मलाच पाठवलं. जंतू ओळखायचा आणि तो किती मारक आहे हे निरोगी कोंबड्यांना टोचून पाहायचं. निरोगी कोंबड्या तिथे मिळतील याची खात्री नव्हती. तेव्हा सूक्ष्मदर्शक, काचेच्या नळ्या, स्पिरिटचा दिवा आणि डालग्यात सात कोंबड्या, असा आमचा लवाजमा निघाला.

लोंढ्यापर्यंत आगगाडी आहे. पुढे बैलगाडी, भाडं लोंढ्यातच ठरवावं, जंगलात शिरल्यावर गाडीवाल्याशी घासाघीस करण्यात अर्थ नसतो. जगलबेटला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सुपे. आमच्या गाडीवाल्याने वाटेत दोनदा विचारलं, की या कोंबड्यांचं काय करणार. मी खरं ते सांगितलं.

त्याने बैलांना चुचकारलं. मग म्हणाला, "मारायच्याच हायत तर मीठ-मिरची लावून मारा की, साहेब."

सुप्याला काळी नदी होडीने ओलांडली. सूक्ष्मदर्शकाची पेटी मी मांडीवर घेतली होती आणि कोंबड्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर होत्या. त्याने तक्रार केली नाही. जोयड्यापासून पुढे पायवाट. झाडी इतकी दाट की दुपारी घड्याळ बघावं लागतं. खायला नाचणीची भाकरी, भाताची पेज आणि निखाऱ्यावर भाजलेले कंद मिळतात. कंद गरम असतानाच खावेत.

वाडी म्हणजे आठ घरं. पोहोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. ती माझ्यासाठी जमली असावीत असं मला वाटलं. तसं नव्हतं. गंगी नावाच्या सुनेला माहेरी धाडायचं ठरत होतं. सहा महिन्यांपूर्वी ती नंदिगड्ड्याहून लग्न होऊन आली, येताना पाच कोंबड्या घेऊन आली. तिच्या कोंबड्या शिंकायच्या, तोंडं सुजलेली. पण जिवंत होत्या. वाडीच्या मात्र रोज मरत होत्या.

"हिच्याच कोंबड्यांनी रोग आनला," बुदवंत म्हणाला. बुदवंत म्हणजे वाडीचा प्रमुख. त्याचा शब्द शेवटचा. "हिच्या जगत्यात, आमच्या मरत्यात. आनि काय बघायचं?"

गंगी खांबाला टेकून उभी होती. तिचा नवरा जमिनीकडे बघत होता.

मी म्हणालो, "चार दिवस थांबा. मग काय ते ठरवा."

"चार दिवसांत काय हुतंय?"

"ते मलाही चार दिवसांनीच कळेल."

हे उत्तर त्याला पटलं असं नाही, पण तो थांबला.

बुदवंताच्या नुकत्याच मेलेल्या कोंबडीच्या काळजातलं रक्त घेतलं, गंगीच्या कोंबड्यांच्या नाकातला शेंबूड घेतला. नळ्यांमध्ये जंतू वाढायला अंगाएवढी ऊब लागते. प्रयोगशाळेत त्यासाठी पेटी असते. इथे मी होतो. नळ्या कापडात गुंडाळून सदऱ्याच्या आत पोटाशी बांधल्या आणि रात्रभर उताणा झोपलो. दुसऱ्या दिवशीही हलकेच बसत-उठत होतो. वाडीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. खुडूक कोंबडीचं काम मी करतोय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

दोन्हींच्या नळ्यांत वेगवेगळे जंतू उगवले. बुदवंताच्या कोंबडीतले जंतू आखूड, दोन्ही टोकांना गडद रंग धरणारे. कुठल्याही नळीत माजले होते. गंगीच्या कोंबड्यांतले बारीक, नाजूक. रक्त घातलेल्या नळीतच कसेबसे वाढले. मी बुदवंताला सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावलं. "किडं दिसत्यात," तो म्हणाला. एवढ्याने त्याचं मत बदललं नाही, आणि ते रास्तच होतं. जंतू वेगळा दिसला तरी मारतो की नाही, हे दिसण्यावरून कळत नाही.

म्हणून सगळ्यांसमोर टोचलं. तीन कोंबड्यांना बुदवंताकडचा जंतू, तिघींना गंगीकडचा, सातवीला नुसतं पाणी. वाडीपासून दूर तीन वेगळी खुराडी केली.

सकाळी गेलो तर पहिल्या तिन्ही मेल्या होत्या. दुसऱ्या तिघी दोन दिवसांनी शिंकू लागल्या, तोंडं सुजली. पण तांदूळ टाकला की धावत येत. सातवी ठणठणीत.

मी विचारलं, "वाडीत पहिलं कोण मेलं?"

सगळ्यांनी बुदवंताकडे पाहिलं. अखेर बुदवंतच म्हणाला, "माझा कोंबडा. सुप्याच्या बाजारातनं आनला हुता, देवाला द्यायला."

"गंगी यायच्या आधी की नंतर?"

"नंतर. म्हैन्याभरापूर्वी."

गंगी पहिल्यांदाच बोलली. "हे आता सगळ्यांम्होरं बोला, मामा. जसं माझं नाव घेतलासा तसं."

बुदवंत उभा राहिला आणि बोलला. थोडक्यात बोलला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

माझं काम संपलं नव्हतं. औषध नव्हतंच. मेलेल्या जाळा, आजारी माराव्या लागतील, खुराड्यांत चुना टाका, असं सांगितलं. मग गंगीकडे वळलो. तिच्या जिवंत होत्या, पण रोग बाळगून होत्या. त्यांनी तो दुसरीकडे पसरवला असता.

"म्हंजे मी ऱ्हायची आनि कोंबड्या जायच्या?"

"व्हय," मी म्हणालो. तोवर माझ्याही तोंडी ते बसलं होतं.

"एक ठेवू? तांबडी?"

"नको."

ती परसात गेली. पाचही तिने स्वतःच मारल्या, नवऱ्याला हात लावू दिला नाही. तो चुना कालवत बसला. मी निघालो तेव्हा ती रिकाम्या खुराड्याला चुना फासत होती. तिने मान वर केली नाही आणि मी निरोप घेतला नाही.

बेळगावात आल्यावर नळ्या नीट पोहोचल्या म्हणून साहेब खूश झाले. प्रयोगशाळेत जंतूला ज्याच्या जनावरातून घेतला त्याचंच नाव देतात. तेच पुढे वर्षानुवर्षं चालतं. साहेबांनी नोंदवही उघडली आणि विचारलं, "सौम्य जंतू कुणाच्या कोंबडीचा?"

"नाव विचारायचं राहिलं," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तिथे 'मालक माहीत नाही' असं लिहून पुढे गावाचं नाव घातलं. माझ्या सांगण्यावरून त्या वहीत गेलेली एवढी एकच नोंद खोटी आहे.