मखमली पानांचं झाड

तुमच्या अ‍ॅरिझोनाच्या अंगणातल्या झाडाच्या बिया, चपट्या आणि पंख असलेल्या, तुमच्या धाकट्या बहिणीने माझ्या पर्समध्ये भरल्या होत्या. "आजी, देन वुई विल हॅव द सेम ट्री," म्हणाली. थंडी लागल्याशिवाय त्या रुजत नाहीत, म्हणून कुवेतला परतल्यावर मी त्या ओल्या वाळूत घालून दोन महिने फ्रिजमध्ये ठेवल्या. डब्यावर चिठ्ठी लावली, नाहीतर तुमच्या मामाने मसाला समजून भाजीत घातल्या असत्या.

एकच उगवली. कुंडीवर मी शास्त्रीय नाव लिहिलं: फ्रॅक्सिनस वेलुटिना. आमच्या शाळेच्या हजेरीसारखं, आधी घराण्याचं नाव, मग स्वतःचं. वेलुटिना म्हणजे मखमली. पानाच्या पाठीवर बारीक लव असते. तुमचं हे झाड वाळवंटातलं, म्हणून इथे महबूला वस्तीतल्या आमच्या बाल्कनीतही तग धरून होतं. मामा पहाटे मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीत जातो, तो दिवेलागणीला येतो. तोवर घरात बोलायला कुणी नसतं. पाणी घालताना मी झाडाला पूर्ण नावाने हाक मारायचे. कित्येक दिवस तेवढाच माझा आवाज.

दोन वर्षांत ते कमरेपर्यंत आलं. पाडव्याच्या सकाळी मी श्रीखंडाला वेलची कुटत होते. मामा हातात डहाळी घेऊन आत आला.

"आई, घरात कडुलिंब आणि बोलली नाहीस! काल तीन दुकानं पालथी घातली मी."

"कुंडीवरची चिठ्ठी वाचली नाहीस?"

"वाचली की. म्हटलं, कडुलिंबाचं लॅटिन नाव असेल. तू जिऱ्याच्या डब्यावरसुद्धा लिहिशील."

पानांची ठेवण तशीच, एका देठावर समोरासमोर. त्याची काय चूक? मी गुढीला डहाळी बांधली आणि गुळाबरोबर एक पान त्याला दिलं, एक मी घेतलं.

"हे कडू नाही गं," तो म्हणाला.

बाल्कनीतल्या कुंडीत झाडाची वीतभर काडी उरली होती.

त्यानंतर दोन रविवार धाकटी फोनवर म्हणाली, झाड दाखव. दोन्ही वेळा मी समुद्र दाखवला. म्हणून हे पत्र लिहिते आहे. काल काडी नखाने खरवडून पाहिली, आत हिरवी आहे. फुटेल की नाही, सांगता येत नाही.

गुढी उतरवल्यावर डहाळीची पानं मी शब्दकोशात दाबून ठेवली होती. त्यातलं एक या पाकिटात आहे. धाकटीला म्हणावं, पानाच्या पाठीवरून बोट फिरव.