तर आणि तर्री

माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या खिशात उपग्रह घातला तेव्हा मी घरात बरीच फुशारकी मारली होती. उपग्रह म्हणजे माझा जुना मोबाईल. पण त्यातली जागा कळवणारी सोय चालू केल्यापासून मी त्याला त्याच नावाने हाक मारायचो. त्याच्या पंधरा दिवस आधी आप्पा कोथिंबीर आणायला उतरले होते आणि आमच्या चारकोपच्याच भलत्या सेक्टरमध्ये, आमच्यासारख्याच दिसणाऱ्या इमारतीच्या जिन्यात बसलेले सापडले होते. दुसऱ्यांच्या दाराला आपली चावी का लागत नाही, एवढंच ते विचारत होते. त्या दिवसानंतर मी हे यंत्र शोधलं.

"आता वरून तुमच्यावर लक्ष आहे," मी म्हणालो. "कुठं चुकलात असं वाटलं की जागेवरून हलायचं नाही. बसून राहायचं. मी बघतो आणि येतो."

"वरसून?" आप्पा म्हणाले. "देव कमी पडलो काय?"

पुढचा महिना मी ऑफिसात दर अर्ध्या तासाला तो निळा ठिपका बघायचो. ठिपका घरात, ठिपका देवळात, ठिपका बागेतल्या बाकावर. पृथ्वीभोवती फिरणारी एवढी महागडी यंत्रं आणि त्यांना मी लावलं होतं ते म्हातारा दूध घेऊन आला का बघायला. मला त्याची लाज वाटत नव्हती, उलट मजा वाटायची.

मग तो मंगळवार आला. दुपारी जेवणाचा डबा उघडला होता, तेवढ्यात आप्पांचा फोन. "झिला, मी जरा तरीर जावन येतंय."

मला ऐकू आलं तर्री. म्हणजे मिसळ. त्यांच्या पोटातल्या व्रणामुळे डॉक्टरांनी तिखट बंद केलेलं आणि हे चालले मिसळ हाणायला. मी म्हणालो, "आप्पा, तर्री अजिबात नाही. कमी तिखटसुद्धा नाही."

"तरीर तिखट कसला?" ते बुचकळ्यात पडून म्हणाले.

"मला शिकवू नका," असं म्हणून मी फोन ठेवला.

आता मुंबईत वाढलेल्या मालवणी माणसाची ही गंमत बघा. मला घरातलं बोलणं सगळं कळतं, असा माझा समज. पण तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी आणि तरीर म्हणजे त्या होडीवर, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या गावच्या खाडीवर माझ्या जन्माआधीच पूल झाला. माणसं चालत पलीकडे गेली आणि तो शब्द माझ्यापर्यंत यायचा राहून गेला.

दोन तासांनी कामातून डोकं वर काढलं आणि कुठल्या हॉटेलात बसलेत ते पकडू म्हणून मी मोबाईल उघडला. ठिपका गोराईच्या खाडीत होता. काठावर नाही, जेट्टीवर नाही. निळ्या पाण्याच्या बरोबर मध्ये, निळा ठिपका. हलत नव्हता.

फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

बायको तिच्या बँकेत होती. तिनेही तिच्या मोबाईलवर बघितलं. एरवी ती मला फाडून खाते, त्या दिवशी आवाज खाली आला होता. "अरे, तू चष्मा लाव आधी. खाली बारीक लिहिलंय. ही सत्तर मिनिटांपूर्वीची जागा आहे. आत्ताची नाही."

यात दिलासा होता म्हणे. मला ऐकू आलं ते असं, की सत्तर मिनिटांपूर्वी माझा बाप भर खाडीत होता आणि त्यानंतर कुठेच नाही.

अंधेरीच्या ऑफिसातून रिक्षा केली. रिक्षावाल्याने मोबाईलवर रस्ता लावला आणि त्यातली बाई शांतपणे डावीकडे, उजवीकडे सांगू लागली. ज्या उपग्रहांनी आप्पांना पाण्यात दाखवलं, त्यांनाच मी आता वाट विचारत होतो. लिंक रोडच्या प्रत्येक सिग्नलला मी ठिपका बघत होतो. मनात एकच वाक्य फिरत होतं, की मी त्यांना शेवटचं काय बोललो? मला शिकवू नका.

जेट्टीवर तिकीट देणाऱ्या माणसासमोर मी मोबाईल नाचवला. वडील, पांढरा शर्ट, कापडी पिशवी, इथं पाण्यात आहेत. त्याने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "साहेब, ही तर बोटीची वाट आहे. कोण पडलं असतं तर आम्ही असे चहा पीत बसलो असतो काय?" बोलणं बरोबर होतं. माझे पाय मात्र ऐकायला तयार नव्हते. ते बोटीत चढले.

बोट निघाली. आता पडद्यावर माझा ठिपकाही पाण्यात सरकू लागला, आप्पांच्या ठिपक्याकडे. मला तो थांबवता येईना. खाडीच्या मध्यावर माझा ठिपका त्यांच्यावर जाऊन बसला. दोघे एकाच जागी. मी कठड्यावरून खाली बघितलं. गढूळ पाणी, एक प्लास्टिकची बाटली, डिझेलचा तवंग. मी त्या पाण्यात बापाचा पांढरा शर्ट शोधत होतो, हे आजही कुणाला हसत हसत सांगता येत नाही. बाकी सगळं येतं.

पलीकडच्या धक्क्यावर, तिवरांकडे तोंड करून, आप्पा कट्ट्यावर बसले होते. पिशवी मांडीवर, पाय जुळवलेले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

मी ओरडायचं ठरवलं होतं. शेजारी बसलो. त्यांनी खिशातून बंद पडलेला फोन काढून माझ्या हातात दिला. सतत जागा कळवून कळवून त्याची बॅटरी भर खाडीत संपली होती. मीच चालू केलेल्या सोयीने खाल्ली होती.

"तरीत बसाक बरा वाटला," आप्पा म्हणाले. "उतारलंय आणि मगे खंयच्या बाजूक घर, ताच आठवना. दोन्हीकडे पाणी, दोन्हीकडे माणसा." मग म्हणाले, "म्हटलं, तू वरसून बघतंसच. तूच सांगितलंस ना, हलायचा नाय. म्हणान बसलंय."

दोन तास. उन्हात. माझ्या भरवशावर. आणि मी वरून बघत होतो ते रिकामं पाणी.

परतीच्या बोटीत मी त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत धरून बसलो. मध्यावर आल्यावर त्यांनी माझ्या मोबाईलकडे हनुवटी केली. "आता खंय दिसतंव?"

मी चष्मा लावला. त्यांचा जुना ठिपका अजून तिथंच होता आणि माझा त्याच्यावर. "पाण्यात," मी म्हणालो. "दोघंपण."

"बरोबर हा," आप्पा म्हणाले, आणि समाधानाने काठाकडे बघू लागले. काठ कुठला, ते मी त्यांना विचारलं नाही. मूठही सोडली नाही.