गुलाबी टोपणाचे थेंब

त्या शनिवारी सकाळी मी दुकान उघडलं, देवाला उदबत्ती लावली आणि सवयीप्रमाणे डोळ्यांच्या थेंबांचं एक खोकं काढून पिशवीत टाकलं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रंगनाथदाजींकडे जायचं, हे माझं ठरलेलं होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. पाथर्डीत माझं मेडिकल, आणि तिथून आठ-दहा किलोमीटरवर त्यांचं गाव. गेली तीन वर्षं दाजींना दोन्ही डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं. साडेअकराच्या सुमारास माझ्या भाच्याचा, अंकुशचा फोन आला. "मामा, आण्णा गेले..." एवढंच बोलला. पावसात ओट्यावरून पाय चुकून दाजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दोन महिने ते अंथरुणाला खिळून होते आणि छातीत कफ साठला होता. हे असं होणार, हे दुसऱ्या कुणाला नाही तरी मला कळायला हवं होतं. पण माझ्या तोंडातून निघालं काय, तर, "थेंब संपले होते का रे?"   आज महिना उलटून गेला, तरी तो माझाच प्रश्न माझ्या कानातून जात नाही.

दाजींनी आयुष्यभर ऊस तोडला. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. त्याने तोडायचं, तिने मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या. दसरा झाला की अर्धं गाव कुलूपबंद व्हायचं आणि दाजी-आक्का टोळीबरोबर निघायचे. बहुतेक वर्षी ते कोल्हारच्या बाजूला, प्रवरेकाठच्या उसात असायचे. मी डी. फार्म. होऊन दुकान टाकलं, तेव्हा माझ्या वडिलांपेक्षा जास्त आनंद या माणसाला झाला. पहिल्या दिवसापासून ते मला 'डाक्टर' म्हणायला लागले. मी म्हणायचो, "दाजी, मी डॉक्टर नाही, औषधं विकतो." तर म्हणायचे, "आरं, डाक्टर निस्ता कागुद लिवतो, औशिद तर तूच देतो. मंग मोठा कोन?" मेहुण्याची थट्टा करायचा त्यांचा हक्कच होता, पण त्या थट्टेत कौतुक असायचं. आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं. चार माणसं डाक्टर म्हणायला लागली की आपल्यालाही हळूहळू तसं वाटायला लागतं.

एका उन्हाळ्यात ते उसावरून परतले ते थेट दुकानात आले. डोळे गुंजेसारखे लाल झाले होते आणि चोळून चोळून पापण्या सुजल्या होत्या. उसाच्या पाचटाला बारीक कूस, म्हणजे टोचणारी लव असते. ती डोळ्यात जाते, खाज सुटते, पाणी गळतं. मी कपाटातून एक बाटली काढली. गुलाबी टोपणाची, लहानशी. लाली आणि खाज झटकन बसवणारं स्टेरॉइड त्यात असतं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं ते औषध नव्हतं, खोक्यावर तसं लाल अक्षरांत छापलेलंही होतं. पण घरच्या माणसाला कसली चिठ्ठी? दुसऱ्याच दिवशी दाजी हसत आले. "डाक्टर, जादू हाय बाबा तुझ्या हातात! डोळं आसं गार पडलं, जसं कोनी फुकर घातली." त्या वर्षी दसऱ्याला मी त्यांना हंगामाची पिशवी बांधून दिली. त्यात तापाच्या गोळ्या, जखमेचं मलम, पोट बिघडलं तर पावडर आणि डोळ्याच्या डझनभर बाटल्या. पुढे आठ-नऊ हंगाम ही पिशवी दरवर्षी बांधली गेली. दाजी ते थेंब स्वतः घालायचे, टोळीत कुणाचे डोळे आले तर त्यालाही घालायचे. "आयजीच्या जिवावर बायजी उदार," असं आक्का म्हणायची, आणि मी खुशीत पुढच्या वर्षी दोन बाटल्या जास्त टाकायचो.

आता मागे वळून पाहताना सगळं लख्ख दिसतं. दिसतं म्हणतोय... असो. सुरुवातीला दाजींच्या डाव्या बाजूची वस्तू सांडायला लागली. चहाचा कप, पाण्याचा तांब्या. मग चौकटीला खांदा आपटायला लागला. एकदा उसाच्या फडात त्यांचा कोयता आक्काच्या मनगटाजवळून गेला. ती डावीकडून मोळीसाठी वाकली होती आणि ती तिथे आहे हेच त्यांना कळलं नव्हतं. तेव्हापासून आक्का कधी त्यांच्या डाव्या अंगाला गेली नाही. "लई धांदरट झालेत हे," एवढंच ती मला म्हणाली. डोळ्यांचा संशय कुणालाच आला नाही, कारण दाजी हे टोळीतले काटे काढणारे होते. कुणाच्या तळव्यात उसाची सल गेली, पायात बाभळीचा काटा मोडला, की सगळे त्यांच्याकडे यायचे. पाय मांडीवर घेऊन, सुईच्या टोकाने, रक्ताचा थेंब न काढता ते काटा उचलायचे. ज्याला केसाएवढी सल दिसते, त्याच्या डोळ्यांना काय झालंय? सगळ्यांनी असंच धरलं होतं. मीसुद्धा. एकदा ते म्हणाले, "डाक्टर, दिव्याभवती कडं दिसतंय आलीकडं, रंगीत." मी शहाण्यासारखं औषधाचं खोकं त्यांच्या पुढे धरलं. मुदतीची तारीख चष्म्याशिवाय मला वाचता येत नाही. ती त्यांनी घडाघडा वाचली. "दाजी, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. मोतीबिंदू सुरू होत असेल, पिकला की काढून टाकू," असं सांगून मी त्यांना दोन बाटल्या देऊन वाटेला लावलं. ही माझी तपासणी!

पुढच्या वर्षी ते रस्ता ओलांडताना शेजारून आलेल्या जीपला धडकले. फार लागलं नाही, पण मी घाबरलो आणि त्यांना व आक्काला नगरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी डोळ्यांत थेंब टाकून, निळा उजेड पाडून, यंत्राने डोळ्यांचं प्रेशर मोजलं. "प्रेशर तर दंडाला मोजत्यात ना?" दाजींनी विचारलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं, की डोळ्याच्या आत पाणी तयार होतं आणि बारीक जाळीतून निचरून जातं. निचरा तुंबला की आतला दाब वाढतो आणि तो मागच्या नसेला मारत जातो. साधारण दहा ते एकवीस असायला हवा, दाजींचा दोन्ही डोळ्यांत चाळिशीच्या पुढे होता. "दुखलं नाही कधी?" "न्हाई बा." "हळूहळू वाढला की नाहीच दुखत. म्हणून तर कळत नाही. आधी कडेचं जातं, मधलं शेवटपर्यंत शाबूत राहतं. माणूस सुई ओवतो आणि दाराला धडकतो." त्यांना काटे काढण्याचं काहीच माहीत नव्हतं, तरी त्या हे बोलल्या. आक्काने मोतीबिंदूचं विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "मोतीबिंदू काढला की पुन्हा दिसतं. हा काचबिंदू आहे. यात गेलेलं परत येत नाही, उरलेलं तेवढं राखायचं." मग त्यांनी विचारलं, डोळ्यांत काही घालता का? दाजींनी बंडीच्या खिशातून गुलाबी टोपणाची बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

बाईंचा आवाज एकदम चढला. "किती वर्षं घालताय हे? या थेंबांनीच काही जणांचं प्रेशर वाढतं. एक-दोन आठवड्यांच्या वर घालायचे असतील तर दाब मोजत राहायला लागतं! कुणी दिले?"  मी तोंड उघडलं, देवाशप्पथ उघडलं होतं. पण दाजीच बोलले. "तिकडं फडाजवळ येक दुकान हुतं, बाई. आमी आडानी मानसं, तिथून घ्यायचो." बोलताना ते माझ्याकडे वळलेही नाहीत. आणि मी... मी गप्प बसलो. परतीच्या एस.टी.त त्यांनी सगळा वेळ पावसापाण्याच्या गप्पा मारल्या.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दाब उतरवायचे नवे थेंब सुरू झाले. पण हे थेंब घातले म्हणून जास्त काही दिसत नाही. जे उरलंय ते टिकावं, एवढ्याचसाठी ते रोज, न चुकता, जन्मभर घालायचे. जादूची सवय लावलेल्या माणसाला हे कसं पटावं? दसऱ्याला ते माझं न ऐकता टोळीबरोबर गेले. तिकडे महिना-महिना थेंब चुकले. दोन वर्षांत मधलं उरलेलं वर्तुळही आकसत आकसत बंद झालं. मग मी दर महिन्याला थेंब घेऊन जायला लागलो. माझ्या मोटरसायकलचा आवाज ओळखून ते ओट्यावर सरसावून बसायचे, "आले का डाक्टर?" म्हणत मान मागे टाकायचे आणि बोटाने खालची पापणी ओढून धरायचे. मी एकेक थेंब टाकायचो. "गार वाटलं," म्हणायचे. दरवेळी हेच. त्या 'डाक्टर'ने माझ्या काळजात काय व्हायचं, ते मी कुणाला सांगणार? एकदा धीर करून म्हणालो, "दाजी, ते गुलाबी टोपणाचे थेंब... मी जे..." त्यांनी घराकडे तोंड फिरवून हाक मारली, "चहा झाला का गं? पाहुना कवाचा बसलाय." पुन्हा मला ते जमलं नाही.

हल्ली मी ते थेंब चिठ्ठीशिवाय देत नाही. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय! यंदाही दसऱ्याच्या तोंडावर टोळ्यांतली पोरं आली, "मामा, डोळ्याचं ते गुलाबी द्या." मी सांगत बसलो, की बाबांनो, चाळिशी उलटली असेल, घरात कुणाला काचबिंदू असेल, असे थेंब घातलेले असतील, तर दाब मोजून घ्या. डोळा एकाएकी लाल होऊन ठणकायला लागला, उलट्या व्हायला लागल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती ऐकून घेतात, "दिसतंय की आमाला चांगलं," म्हणतात आणि रस्ता ओलांडून दुसऱ्या दुकानात जातात. मला काउंटरवरून दिसतं ते. अंकुशलाही म्हणालो, तुझ्या बापाला होता, तू आधी डोळे तपासून घे. "हंगाम संपला की जाऊ, मामा." गाडीत चढताना त्याच्या खिशात मला ते गुलाबी टोपण दिसलं. मी काढून घेतलं. वाटेत पन्नास दुकानं आहेत.

परवा दुसरा रविवार होता. पाय आपोआप निघाले. ओटा रिकामा होता. पिशवीत ते शनिवारचं खोकं तसंच राहिलं होतं, ते काढून मी आक्काच्या हातात दिलं आणि मग मलाच कळेना, की का दिलं.  आत जाऊन तिने देवळीतली दाजींची थेंबांची बाटली आणली. अर्धी भरलेली होती. "ह्ये पन घिऊन जा," म्हणाली. "तसं डाक्टरीनबाईनं कवाच बंद करायला सांगितल्तं. अंकुश घिऊन गेल्ता ना त्यास्नी, तू लग्नाला गेल्ता तवा. बाई म्हनल्या, आता दोनी डोळ्यात काय उरलं न्हाई, उगं कशाला घालता."

मी हिशेब केला. त्याला दोन वर्षं होऊन गेली होती.

"मग रोज घालत होते ते?" "रोज कुठलं! तू यायचा तवाच. तू आल्यावर मान टाकायचे. मला म्हनले, त्याला सांगू नको. थेंब बंद झाले, तर त्यो कोनत्या तोंडानं यील हितं?"

मी ओट्यावर बसलो. आक्का चहा घेऊन आली आणि सवयीने माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली. मी विचारलं, "आक्का, त्यांना ठाऊक होतं ना गं... पहिल्यापासून?" तिने पदराने डोळे पुसले आणि मी दिलेलं नवं खोकं माझ्याच पिशवीत परत घातलं.

"चहा घे, गार होतोय," ती म्हणाली. "आनि फुडच्या म्हैन्यात ये. रिकाम्या हातानं ये, पन ये."