रजिस्टरमध्ये नसलेली नोंद

मी स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी केलेली बाई. घरात कुणी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला लागलं की हसू दाबत उठून जाणारी. असे अनुभव वाचले की ‘भास झाला असेल’ म्हणून पान उलटणारी. त्यामुळे हे लिहायला मला दीड वर्ष लागलं... आणि अजूनही हात जड झालाय.

माझा नवरा प्रशांत सरकारी बँकेत आहे. बदली होऊन आम्ही कोलकात्याला आलो, सॉल्ट लेकमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही दोघंच. तेरा वर्षांपूर्वी आम्हाला मुलगा झाला होता. सातव्या महिन्यातच. नवव्या दिवशी गेला. तेव्हा मी अमरावतीच्या दवाखान्यात तापाने बेशुद्ध होते. शुद्धीवर आले तेव्हा पाळणा उचललेला होता. बारसंही झालं नव्हतं, म्हणजे हाक मारायला नावसुद्धा नाही. प्रशांत आणि सासरे, दोघंच त्याला घेऊन गेले होते. कुठे मूठमाती दिली, ते मला कधीच कुणी सांगितलं नाही.

सासूबाई म्हणायच्या, “विचारू नये गं असं. पुढचं बघावं.” पुढचं काही झालं नाही. सासरे वारले. राहिला एकटा प्रशांत. मी विनवण्या केल्या, भांडले, दोन-दोन दिवस जेवले नाही. तो एकच वाक्य बोलायचा, “मिनू, तो विषय नको,” आणि गॅलरीत जाऊन उभा राहायचा. माझं लेकरू या जगात कुठल्या मातीत आहे एवढंच मला हवं होतं हो! आम्ही एका घरात राहत होतो, एवढंच काय ते उरलं होतं.

इथे आल्यावर वेळ खायला उठायचा म्हणून एक काम धरलं. इंग्लंडमधली माणसं आपल्या पूर्वजांचा शोध घेतात, त्यांच्यासाठी इथल्या चर्चमधली जुनी दफनाची रजिस्टरं वाचून द्यायची. एलेन नावाच्या निवृत्त शिक्षिकेचं काम आलं. तिचे खापरपणजोबा राणी व्हिक्टोरियाच्या काळात कोलकात्याजवळच्या बजबजमधल्या एका ज्यूट मिलमध्ये इंजिनियर होते. मुलं सात झाली, जगली दोन. एलेनने लिहिलं होतं, ‘बाकीच्या पाचांचं काय झालं, कुठे पुरलं, कुणालाच माहीत नाही. त्या मुलांच्या आईने मरेपर्यंत त्यांचा उच्चार केला नाही.’

मी हे काम नाकारायला हवं होतं. पण तो मेल मी त्या दिवशी कितीदा वाचला, माझं मलाच ठाऊक.

मध्य कोलकात्यातलं एक जुनं चर्च, नाव देत नाही. तिथल्या ऑफिसात रजिस्टरांचे फोटो काढू देत नाहीत. म्हणून मी नोंदी मोठ्याने वाचायचे आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायचे. समोर बिश्वासबाबू बसायचे, तिथले म्हातारे क्लार्क. फेब्रुवारीतला मंगळवार, सकाळचे अकरा. वर पंखा, खिडकीतून लख्ख ऊन, बाहेर ट्रॅफिकचे हॉर्न. भुताखेताचं वातावरण वगैरे काहीही नाही.

मी रकाने वाचत गेले. नाव, वय, कारण, दफन कुणी केलं. एक वर्ष दोन महिने, दात येताना. तीन वर्षं, कॉलरा. सात महिने, ताप. चौथंही तापानेच. पाचवं मूल चार दिवसांचं. त्याच्या नावाच्या रकान्यात नुसतं ‘इन्फंट सन’. बाप्तिस्मा व्हायच्या आधी गेलेला. तिथे माझा आवाज अडखळला, हे मला आठवतं. पाणी प्यायले, सामान आवरलं, घरी आले.

दुपारी जेवून रेकॉर्डिंग लिहून घ्यायला बसले. कानात इअरफोन. पाचवी नोंद संपली. चार-पाच सेकंद पंख्याचा आवाज. आणि मग मीच... माझाच आवाज, त्याच सपाट सुरात, पण मराठीत.

पहिलं एक नाव. मग — “वय नऊ दिवस. कारण, अपुऱ्या दिवसांचा. जागा, वडिलांच्या मामांचा मळा, वरच्या बांधाला, हिवराच्या झाडाखाली. कापड अपुरं पडलं म्हणून बापाने आपला रुमाल पायांवर घातला. माती देणारे, आजोबा आणि वडील.”

त्यानंतर खुर्ची सरकल्याचा आवाज. रेकॉर्डिंग बंद.

मी ते किती वेळा ऐकलं सांगता येणार नाही. यातलं एक अक्षरही मी बोलल्याचं मला आठवत नव्हतं. तशीच टॅक्सी करून परत चर्चमध्ये गेले. बिश्वासबाबू कुलूप लावत होते. मी रजिस्टर उघडायला लावलं. कुटुंबाच्या नोंदी पाच. सहावी नाही.

“बाबू, सकाळी मी शेवटी काही बोलत होते का?”

“हां दीदी. आप फोन पे बात कर रहा था न? अपना भाषा में.” त्यांनी रजिस्टर मिटलं. “आप रो रहा था, इसलिए हम कुछ नहीं बोला.”

मी फोनवर नव्हते. आणि मी रडत होते? रेकॉर्डिंगमध्ये तर आवाज खडखडीत कोरडा आहे!

प्रशांत सहाला आला. त्याने बूट काढायच्या आधीच मी तो भाग लावून मोबाइल त्याच्या हातात दिला. तो उभ्यानेच ऐकू लागला. पहिल्याच शब्दाला भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला.

“कोणी सांगितलं तुला?”

“खरं आहे का, एवढंच सांग.”

“रुमाल निळा होता,” तो म्हणाला. मग तोंडावर हात घेऊन रडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “बाबांनी शपथ घातली होती गं. म्हणाले, तिला जागा सांगितलीस तर ती तिथून उठणार नाही.”

“आणि ते नाव?”

“बाबा फावडं धुवायला विहिरीवर गेले होते. मी एकटाच होतो. बिननावाचं कसं ठेवायचं त्याला? वाकून कानात सांगितलं... बाबांनाही माहीत नव्हतं, मिनू. मी ते पुन्हा कधी उच्चारलंसुद्धा नाही.”

मी स्वतःशी खूप वाद घातला आहे. तापात असताना दवाखान्यात कुणी बोललेलं कानावर पडलं असेल, मनाने साठवून ठेवलं असेल... जागेचं, कापडाचं तसं म्हणता येईल. एका डॉक्टर मैत्रिणीनेही तेच सांगितलं. पण नावाचं काय? ते तर एका माणसाने एका मेलेल्या बाळाच्या कानात सांगितलं होतं. मी तिथेच अडकले आहे. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी खरंच वाचेन.

एप्रिलमध्ये आम्ही त्या मळ्यात गेलो. आता तो प्रशांतच्या चुलतमामांकडे आहे. बांध तोच, हिवरही उभा आहे. प्रशांतने लांबूनच बोट दाखवलं, पुढे येववेना त्याला. मी जाऊन मातीत बसले. सासरे म्हणाले होते ते खोटं नव्हतं, मला उठवत नव्हतं. बऱ्याच वेळाने मामी तांब्या घेऊन आल्या, माझ्याजवळ टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, “कोण आहे गं इथं?”

“माझा मुलगा,” मी म्हटलं. आणि मग त्यांना त्याचं नाव सांगितलं.