गोठ्यातली वाकलेली रेषा

गेल्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी, पळसदेवच्या आमच्या गोठ्यात बहिणीला काचेच्या पेटीत एक वाकलेली पांढरी रेषा दिसली. ती मोबाइलमध्ये टिपली गेली.

बहीण बारामतीत ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवते. इलेक्ट्रॉन मोडत नाही. त्याचा जड भाऊबंद म्यूऑन मात्र सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याइतकाही टिकत नाही आणि मोडताना मागे इलेक्ट्रॉन सोडतो, हे ती दरवर्षी सांगते. म्यूऑन वर आकाशात तयार होतात आणि सतत आपल्यातून आरपार जातात. पण मोडताना तिने एकही पाहिला नव्हता. तो पाहायचा म्हणून तिने पेटी केली होती. वर स्पिरिटमध्ये भिजवलेले कापड, खाली काळा पत्रा. पत्रा अतिथंड असला की कण गेलेल्या वाटेवर स्पिरिटचे थेंब धरतात आणि पांढरी रेषा दिसते; म्यूऑन तिथेच मोडला, तर ती रेषा मध्येच वाकते.

थंडाव्यासाठी तिने पुण्याहून कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, एसटीच्या पार्सलने मागवला. इंदापूर स्टँडवर खोके हाती आले तेव्हा ते हलके होते. वाटेतच बर्फाची हवा झाली होती.

दुसऱ्या दिवशी गाय माजावर आली, म्हणून चुलत्यांनी कृत्रिम रेतन करणाऱ्या डॉक्टरांना बोलावले. रेताच्या कांड्या ते द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात. गाईचे काम झाल्यावर बहिणीने थोडा नायट्रोजन मागितला. डॉक्टरांनी टाकीत काठी बुडवून पातळी पाहिली.

"कांड्या उघड्या पडल्या, तर गावोगावच्या गाई माझ्या नावानं हंबरतील. एवढाच देतो, ताई. पुन्यांदा मागू नका."

त्यांनी पत्र्याखालच्या थर्माकोलच्या ट्रेमध्ये नायट्रोजन ओतला. गोठाभर धूर झाला.

"दिसलं की गं! केवढं दांडगं हाय!" चुलते म्हणाले.

"आबा, तो धूर आहे. थांबा."

"मग कण केवढा?"

"मोजता येत नाही इतका. आत दुसरं काही सापडलेलं नाही."

"आत काय न्हाय, तर मोडतंय कसं?"

"मोडतं म्हणजे फुटत नाही, आबा. त्याच्या जागी हलके कण तयार होतात."

"आन् इलेक्ट्रॉन का न्हाय मोडत?"

"विजेचा भार असलेलं त्याच्याहून हलकं काही नाहीच. मोडून होणार काय?"

"म्हंजी शेंडेफळ," आबा म्हणाले.

धूर ओसरला. बहिणीने बाजूने बॅटरी धरली, मी मोबाइल धरला. बारीक, सरळ रेषा उमटत होत्या आणि विरत होत्या. एकही वाकत नव्हती. ट्रेमधला नायट्रोजन उकळून कमी होत होता. डॉक्टरांनी टाकी गाडीला बांधली होती, पण ते निघाले नाहीत.

मग एक रेषा आत आली, थांबली, आणि तिच्या टोकापासून दुसरी, आणखी बारीक, आडवी फुटली.

"ह्येच का?" आबांनी विचारले. थोड्या वेळाने पत्रा कोमट झाला आणि रेषा उमटायच्या थांबल्या.

संध्याकाळी तिने चित्रफीत थांबवत थांबवत पाहिली. वाकण स्पष्ट होते. पण मंद इलेक्ट्रॉन कशाला तरी धडकून वळला, तरी रेषा अशीच वाकते. सोमवारी तिने वर्गात ती चित्रफीत दाखवली आणि फळ्यावर दोन्ही शक्यता लिहिल्या. कोणती खरी, हे चित्रफितीवरून ठरले नाही.