अननसाचा डबा

स्वयंपाकघरातलं वरचं कपाट आवरताना अननसाचा डबा हाती आला. परदेशातला मुलगा घरी आला की अननसाचा शिरा करायचा, म्हणून आणून ठेवलेला. त्यावरची तारीख गेल्या महिन्यात उलटली होती.

"टाकून द्या, वहिनी," भांडी घासणारी सुनंदा म्हणाली.

डबा फुगलेला नव्हता, कुठे गंज नव्हता, पोचाही नव्हता. असा डबा तारखेच्या दुसऱ्या दिवशी विषारी होत नाही. तोपर्यंत चव टिकेल, एवढीच हमी कारखान्याने दिलेली असते. पुढचं आपण बघून ठरवायचं. मुलाचं फोनवरचं "दिवाळीला नक्की" मात्र असं बघून ठरवता येत नाही. ते दर वर्षी ताजंच वाटतं.

मी डबा फोडला आणि शिरा केला. दोन वाट्या भरल्या.

"परदेशातल्या दादांच्या वाटणीचा मीच खाल्ला की," सुनंदा हसली. "आता ते आले म्हणजे?"

"दुसरा आणीन."

संध्याकाळी दुकानात गेले. फळीवरचे पुढचे डबे बाजूला सारले आणि मागून सगळ्यांत लांबच्या तारखेचा डबा काढून घेतला.